सुगंधाकाकीची हवेली

चतुर्थीचा सण चालू असताना सुगंधाकाकी शेजारच्या वाडीत आरतीला गेली होती. तेवढ्या वेळात तिच्या मुलाने तिच्या सगळ्या सीड्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

जितेंद्रच्या मनात काही वाईट नव्हतं. बायकोला, नम्रताला घेऊन तो डोंबिवलीहून गणपतीसाठी वेंगुर्ल्याला आला होता. पावसाने घरभर ओल धरलेली, आणि मधल्या खोलीतलं भलंमोठं कपाट सीड्यांनी कोंबलेलं. एकट्या म्हातारीला एवढा पसारा हवा कशाला, असं त्याला वाटलं. दारावरून शिवा भंगारवाल्याचा टेंपो चालला होता. त्याला थांबवून जितेंद्रने दोन गोणी भरून दिल्या, कपाट पुसलं, आत नवा कागद अंथरला आणि आई खूश होईल म्हणून वाट बघत बसला.

काकी आली ती प्रसादाची वाटी हातात घेऊन. कपाटाकडे बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"जितू, सीड्यो खंय?"

"दिलंय शिवाक. आये, कोण ऐकता आता तां? मोबाइलर सगळां गावता."

काकीने वाटी गणपतीपुढे ठेवली, पदर खोचला आणि पायांत चपला सरकवल्या.

"चल."

"खंय?"

"शिवाकडे. तू दिलंस ना? मग तूच हाडतलंस."

शिवाचं भंगाराचं आवार जेटीच्या रस्त्याला होतं. काकीला येताना बघूनच तो उठला. "काकी, तुमच्या झिलान दिल्यान म्हणान घेतलंय. माका काय म्हायत?"

"तुझी चूक नाय रे. गोणी खंय ती सांग."

एक गोण दाराशीच होती. दुसरी कोल्हापूरला जाणाऱ्या ट्रकमध्ये चढली होती आणि तिच्यावर लोखंडाच्या सळ्या, पत्रे, मोडका पंखा असं सगळं पडलं होतं. शिवाने डोकं खाजवलं. उद्या बघू म्हणाला. काकी तिथल्याच एका आडव्या पडलेल्या फ्रिजवर जाऊन बसली.

"ती गोण खाली येईसर मी हंयसून हलूचंय नाय."

आणि ती हलली नाही. शिवाच्या माणसांनी ट्रक अर्धा रिकामा केला. मग चतुर्थीच्या भर बाजारातून जितेंद्र पुढे, खांद्यावर एक गोण, काखेत एक गोण, आणि मागे काकी, अशी वरात निघाली. जो तो विचारी, "जितू, काय रे ह्यां?" जितेंद्र खाली मान घालून म्हणे, "आयेचां सामान."

घरी आल्यावर काकीने जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि एकेक डबी पुसून जागेवर लावली. काही डब्या फुटल्या होत्या, काही चकत्यांवर चरे पडले होते. तिने आदळआपट केली नाही. कपाट लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या घरात तू काय होयां तां कर. ह्या घरात मी आसंय तोपर्यंत माझ्या वस्तूक हात लावूचो नाय." आणि उकडीचे दोन मोदक जास्त खाल्ले.

या सीड्यांत गाणी असती तर जितेंद्रला एवढं नवल वाटलं नसतं. पण त्यांत गाणी नव्हती. होतं ते सिनेमाचं पार्श्वसंगीत. नायक घोड्यावरून येतो तेव्हा वाजतं ते, खुनी जिना चढतो तेव्हा वाजतं ते, आई मुलाला ओळखते तेव्हा वाजतं ते. शब्द नाहीत, चित्र नाही, नुसतं वाजप. हे वेड काकीला लागलं त्याला कारण होती एक भिंत.

तिचा नवरा गणपत वेंगुर्ल्यातल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. लग्न होऊन ती आली तेव्हा मालकाने त्यांना राहायला पडद्यामागची खोली दिली होती. मधे चिऱ्याची एक भिंत. भिंतीच्या पलीकडे पडदा आणि पडद्याला चिकटून भोंगे. भोंग्यांचं तोंड प्रेक्षकांकडे, पाठ सुगंधाकडे. त्यामुळे माणसं काय बोलतात ते तिला कळायचं नाही, गाण्यांचे शब्दही विरघळून जायचे. पण ढोल, जाड व्हायोलिनं, मोठा पियानो हे सगळं भिंतीतून तिच्या खोलीत शिरायचं. चुलीवरची भांडी थरथरायची.

जितेंद्रच्या वेळेला ती गरोदर होती तेव्हा 'नमक की हवेली' लागला. भुताचा सिनेमा. सासू बाळंतपणासाठी गावाहून येऊन राहिली होती. ती म्हणाली, पोटुशी बाईने भूत बघायचं नाही. सुगंधाने हट्ट केला, रडली, जेवली नाही. सासू बधली नाही आणि गणपत आईपुढे बोलणारा नव्हता. मग सुगंधा रोज तांदूळ निवडत भिंतीला पाठ लावून बसायची. सगळा सिनेमा तिने पाठीने ऐकला. ढोल कुठे चढतो, कुठे एकदम थांबतो, व्हायोलिनं कुठून परत येतात, तिला सगळं येऊ लागलं. तिने मनातल्या मनात आपली एक हवेली बांधली. तिच्या हवेलीला समुद्राकडे उघडणारी दारं होती आणि मिठाने पांढरे पडलेले जिने होते.

गुरुवारी शेवटचा खेळ झाला. शुक्रवारी सकाळी गणपतने रिळांची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि हवेली सावंतवाडीला निघून गेली. पुढे टॉकीज बंद पडलं, गणपत वारला. सुगंधा काजूच्या कारखान्यात लागली, तिथून निघाल्यावर जत्रांतून खाज्याचं दुकान मांडू लागली. बेसनाच्या शेवेच्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक. तिचं खाजं संपल्याशिवाय जत्रा सुटत नसे. पण तो ढोल मात्र तिच्या पाठीत राहून गेला.

एका जत्रेत शेजारच्या कॅसेट-सीडीवाल्याने चुकून एका जुन्या सिनेमाचं नुसतं वाजप लावलं. गिऱ्हाइकं ओरडली म्हणून त्याने ते बंद केलं. काकीने खाज्याच्या बदल्यात ती सीडी मागून घेतली, जितेंद्रकडून एक प्लेअर मागवला आणि पुढच्या जत्रेपासून तिच्या दुकानात खून, पाठलाग आणि ताटातुटी वाजू लागल्या. लहान पोरं घाबरून आयांच्या मागे लपत. "काकी, हो काय मरणाचो बाजो?" असं लोक म्हणत. काकी म्हणे, "खाजां गोड आसा मां? मग खा आणि ऐक."

असंच एकदा सावंतवाडीच्या शाळेत गाणं शिकवणारी अनुजा खाजं घेता घेता थबकली. तिच्या घरीही अशीच कपाटं भरलेली होती. देशभर असे थोडे लोक विखुरलेले आहेत, त्यांचा मोबाइलवर एक गट आहे, जुन्या टेपा शोधून, साफ करून त्यांच्या सीड्या काढणाऱ्या एकदोन लहान कंपन्या आहेत, हे काकीला अनुजाकडून कळलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो 'नमक की हवेली'चा. अनुजाने मोबाइलवर तो सिनेमाच शोधून पुढे धरला. फुटकी, पिवळी पडलेली प्रत, पण सिनेमा तोच. काकीने हाताने मोबाइल बाजूला केला.

"माका बघूचो नाय. तेव्हा बघूक दिल्यानी नाय, आता माका गरज नाय. माका तां वाजप होयां."

ते मात्र कुठेच नव्हतं. मग दोन वर्षांमागे गटावर बातमी आली. पुण्याच्या एका कंपनीला त्या सिनेमाच्या मूळ टेपा एका बंद स्टुडिओच्या गोदामात सापडल्या होत्या. बुरशी साफ करून दोन सीड्यांचा संच काढणार होते. गटावर दिवाळी साजरी झाली. त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. पावसाळ्यानंतर येणार म्हणाले, मग संक्रांतीला, मग हक्कांचा काही घोळ आहे म्हणाले. काकी अनुजाला फोन करून एकच विचारी, "ईली काय गो?" अनुजा म्हणे, "नाय काकी, अजून नाय." काकीने कपाटात त्या सीडीची जागा मोकळी ठेवली होती.

भंगाराचा प्रकार होऊन जितेंद्र परत गेला आणि आठवडाभरात अनुजाचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता. टेपा साफ झाल्या होत्या, सगळं तयार होतं. पण कंपनीने ठरवलं होतं की सीडी काढायची नाही. संगीत फक्त मोबाइलवर ऐकायला मिळणार.

"गटावर लोक काय म्हणतत?" काकीने विचारलं.

"म्हणतत, काळ बदललो. निदान ऐकूक तरी गावतला."

"आणि तू काय म्हणतंस?"

अनुजाने गटावर आलेला कंपनीचा निरोप परत एकदा वाचून दाखवला.

"तो पुण्याचो माणूस भेटतलो खंय?"

कोल्हापूरला एका वाचनालयाच्या सभागृहात संग्राहकांचा मेळावा होता, तिथे कंपनीचा माणूस येणार होता. काकीने खाज्याचे पुडे पिशवीत भरले आणि अनुजाच्या गाडीत बसली.

सभागृहात बहुतेक सगळे पिकलेल्या केसांचे पुरुष होते. कंपनीचा सर्वेश तिशीतला, सभ्य, मऊ बोलणारा मुलगा. त्याने आधी टेपा कशा सापडल्या ते सांगितलं, एक तुकडा ऐकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, सीडी आता कोणी घेत नाही, छापणारे कारखाने बंद झाले, मोबाइलवर टाकलं की जगभर पोचतं. माना हलल्या. कोणी उसासा टाकला. काकी उभी राहिली.

"मी वेंगुर्ल्याची. माझं नाव सुगंधा."

"बोला ना, आजी."

"आजी नको. माझी नातवंडं आहेत डोंबिवलीला, ती म्हणतात तेवढं पुरे."

हशा झाला. सर्वेशही हसला. काकी हसली नाही.

"तुम्ही म्हणता, मोबाइलवर मिळेल. मिळेल, पण राहील का? माझ्या मुलाने मला एक वाजप लावून दिलं होतं. रोज ऐकत होते. एक दिवस बघते तर नाही. या बाईंनी सांगितलं, त्यांचा करार संपला. करार कोणाचा? माझ्याशी कोणी केला होता?" तिने श्वास घेतला. "आमच्या टॉकीजमध्ये गुरुवारी शेवटचा खेळ व्हायचा आणि शुक्रवारी सिनेमा एसटीच्या टपावर. माझा नवरा स्वतः पेटी चढवायचा. मी दारात उभी असायचे. बाई, तुझं ऐकून झालं का, असं मला कोणी विचारलं नाही."

काकीची शुद्ध मराठी इथपर्यंत टिकली, मग सुटली.

"आता परत तुम्ही माका तसांच भाड्यान देतास. भाड्याचां माका नको. माझ्या कपाटात होयां, माझ्या हातात होयां. मी मेल्यार माझो झील तां भंगारात घालूदे, मी बघूक येवचंय नाय. पण जिती आसंय तोपर्यंत तां माझां."

सर्वेशने हळूच सांगून पाहिलं की हल्ली सीडी वाजवायचं यंत्रच लोकांकडे नसतं. काकीने मागे वळून विचारलं, "कोणाकोणाकडे यंत्र आहे? हात वर करा." सगळे हात वर गेले. मग तिने सर्वेशला विचारलं, "तुमच्याकडे?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आमचं तुम्ही कसं ठरवलंत?"

मघाशी माना हलवणारे आता एकेक करून बोलू लागले. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर खुर्ची आपटली. शेवटी सर्वेश म्हणाला, आधी नाव नोंदवणारे पुरेसे लोक मिळाले तर छोटी आवृत्ती काढायला मी मालकांना तयार करतो, पण एवढे लोक मिळतील असं मला वाटत नाही. काकीने त्याच्या हातात खाज्याचा पुडा ठेवला. "खा. आणि बघ."

परतताना घाट उतरल्यावर पायथ्याच्या फोंडाघाट गावात त्या चहाला थांबल्या. तिथे काकीने अनुजाच्या मोबाइलवर निरोप बोलला. अनुजा म्हणाली, काकी, जरा लिहून घेऊया का आधी? काकी म्हणाली, भांडाण लिवन करतत काय? आणि सुरू झाली.

"मी वेंगुर्ल्यासून सुगंधा बोलतंय. माका एक सीडी होयी आसा. पुण्यातलो झील म्हणता, ती घेवक कोण उरलो नाय. तेका वाटता आम्ही सगळे मेलो. तुम्ही जिते आसात काय? आसात तर नाव कळवा."

तो निरोप गटातून गेला तो गोव्यात गेला, कोल्हापुरात फिरला, आखातात काम करणाऱ्या मालवणी मुलांपर्यंत पोचला. ज्यांनी आयुष्यात पार्श्वसंगीत म्हणून काही ऐकलं नव्हतं, ज्यांच्या घरी सीडी वाजवायची सोय नव्हती, तेही उत्तरं पाठवू लागले. "जितो आसंय, काकी! माझां नाव घाला."

डोंबिवलीत जितेंद्रच्या ऑफिसातल्या कोणीतरी त्याला त्याच्याच आईचा आवाज ऐकवला. त्याने तिथूनच फोन केला.

"आये, ह्यां काय चल्लांहा? लोक हसतत."

"हसांदेत. नावां घालतत मां?"

"तू ह्या वयात कोणाबरोबर भांडतंस?"

"जितू," काकी म्हणाली, "तू माझ्या पोटात व्हतंस तेव्हा तां वाजप माझ्याबरोबर तूय ऐकलंस. ढोल वाजलो की लाथ मारी व्हतंस. तुका आठवण नाय, माका आसा. आता फोन ठेव, पाक उतू जाता."

आवृत्ती निघाली. मार्गशीर्षात, जत्रा सुरू असताना, कुरिअरवाला पाकीट घेऊन आला. काकीने ते लगेच फोडलं नाही. अनुजाला बोलावलं. दुपारी दोघी मधल्या खोलीत बसल्या आणि अनुजाने पहिली सीडी लावली.

ढोल आला. तोच. काकीची पाठ आपोआप ताठ झाली. व्हायोलिनं चढली, थांबली, परत आली, जिथून यायला हवीत तिथूनच. तिने डोळे मिटले. आणि मग ढोलाच्या वर, अगदी बारीक, एका बाईच्या गुणगुणण्याचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता सूर.

"बंद कर," काकी म्हणाली. अनुजाने घाबरून बंद केलं.

"ही कोण?"

"काकी, ही असणारच पहिल्यापासून. बारीक आवाज भिंतीतून पलीकडे येत नाही."

काकीचा चेहरा लाल झाला. अनुजाला वाटलं आता रडणार. पण काकी रागावली होती. ती त्या भिंतीवर रागावली, सासूवर रागावली, मेलेल्या गणपतवर रागावली. "म्हणजे मी हंय तांदूळ निवडी व्हतंय आणि पलीकडे ही बाई गाय व्हती? इतकी वर्सां माका अर्धांच दिल्यानी?"

थोड्या वेळाने तिने स्वतःच बटण दाबलं. दोन्ही सीड्या संपेपर्यंत ती जागची उठली नाही. तिच्या हवेलीत आता कोणीतरी बाई राहत होती, या खोलीतून त्या खोलीत हिंडत होती, आणि काकी तिच्या मागून जात होती. संपल्यावर तिने डोळे पुसले आणि सीडीबरोबर आलेली पुस्तिका अनुजापुढे टाकली.

"नाव वाच तिचां."

सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं होती. गुणगुणणाऱ्या बाईपुढे लिहिलं होतं, नाव उपलब्ध नाही.

काकीने तिथल्या तिथे सर्वेशला फोन लावायला सांगितलं. तो बिचारा आनंदाने काकी, कशी वाटली, असं विचारू लागला.

"चांगली आहे. नाव कुठे आहे बाईचं?"

"काकी, पन्नास वर्षं होत आली. तिच्या नावाचा कागद नाही, तेव्हाची माणसं नाहीत. कसं शोधणार?"

"टेप शोधलीत ना? मग बाई पण शोधा. मी दर आठवड्याला फोन करणार."

संध्याकाळी नम्रताचा फोन आला. जितेंद्रनेही नाव नोंदवलं होतं, त्यांचाही संच आला होता, आणि आता तो सीडी प्लेअरसाठी सगळं डोंबिवली पालथं घालत होता. काकी "बरां" म्हणाली. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच हसत बसली.

दोन दिवसांनी पुढच्या गावाची जत्रा होती. काकीने दुकान मांडलं, खाज्याची रास रचली आणि हवेली लावली, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. ढोल घुमला तशी समोरची फुगे घेणारी पोरं पांगली. देवस्थान समितीचे हरिश्चंद्र काठी टेकत आले.

"सुगंधा, जत्रेत देवाची गाणी लाव. ह्यां काय? बंद कर बघू."

"करूचंय नाय."

"अगो, समितीचो नियम आसा."

"तुमच्या समितीचो भोंगो हंयसून वेंगुर्ल्याक ऐकाक येता. तो आधी बारीक करा, मग माका सांगा."

आजूबाजूचे दुकानदार बघू लागले. हरिश्चंद्र रागाने काहीतरी बोलणार, एवढ्यात ढोल थांबला आणि तो बारीक सूर आला. डोकं किंचित कलतं करून त्यांनी ऐकलं. सूर गेला, व्हायोलिनं आली, तरी ते तसेच उभे.

"ही बाई कोण गो?" त्यांनी विचारलं.

"तांच शोधतंय," काकी म्हणाली आणि तराजू हातात घेतला. "पाव किलो देवू, की अर्धो?"